धारप, आर. गुरुनाथ

गुरुनाथने ती नोंद पाचव्यांदा वाचली आणि पाचव्यांदाही तीत तोच निघाला.

‘धारप, आर. गुरुनाथ. पाणी मंडळावर निवडून आलेले सदस्य, २०२३ पासून. जन्म नागपूर. इंजिनिअर. २००२ पासून टेक्सासमध्ये. एक अपत्य. बैठकीत सडेतोड प्रश्न विचारण्याबद्दल ख्याती.’

वेबसाइट साधीसुधीच होती. अमेरिकेत सेनेटरापासून डासनिर्मूलन समितीपर्यंत जो कोणी निवडून आला, त्याची चरित्रनोंद तिथे ठेवलेली. धारपांपुढे फोटो नव्हता.

आर म्हणजे रामचंद्र, गुरुनाथचे वडील. त्यांचं नाव पुढे आणि ह्याचं मागे, हा घोळ इथले लोक पहिल्या दिवसापासून घालत आले होते. ऑफिसच्या बिल्ल्यावरसुद्धा तो रामचंद्रच होता. त्यामुळे शंकेला जागा नव्हती. खोटी होती ती फक्त शेवटची ओळ. बैठकीत गुरुनाथने आजवर विचारलेला सर्वांत सडेतोड प्रश्न म्हणजे, ‘एसी थोडा कमी करू का?’

आज मंगळवार. गुरुवारी सकाळी नऊला त्याची नागरिकत्वाची मुलाखत होती. ऑफिसातला गिरीश म्हणाला होता, “यार, एकदा स्वतःचं नाव सर्च करून बघ. ते लोक करतात.” म्हणून केलं, तर हे.

अर्जात प्रश्न होता: नागरिक नसताना कधी नागरिक असल्याचं सांगितलंत का? त्याने ‘नाही’वर खूण केली होती. आणि इथे तर गडी निवडून येऊन बसला होता. खोटं बोलला असं ठरलं, तर अर्ज जाणार, मागोमाग ग्रीन कार्ड, नोकरी, प्लेनोचं हे घर. त्याच्या बायकोला, रत्नाला, ती चिंता नव्हती. तिने चार वर्षांपूर्वीच नागरिकत्वाची शपथ घेऊन टाकली होती. जुना पासपोर्ट कुरवाळत बसला तो हाच.

“आसावरी, हे बघ गं जरा.”

सुटीत घरी आलेल्या मुलीने सोफ्यावरून मान वळवून स्क्रीन वाचला आणि उशी तोंडावर दाबून धरली. पोरीला धक्का बसला, असं गुरुनाथला वाटलं.

“बाबा, चिल,” ती उशीतूनच म्हणाली. “आई येऊ दे.”

महिन्यातला दुसरा मंगळवार, म्हणजे रत्नाचं भजन. सव्वाआठला ती आली. पर्स, गाडीची किल्ली आणि काखेत ती जाडजूड फाईल. इतके अभंग हिला लागतात कशाला, हे कोडं त्याला नेहमीच पडायचं.

त्याने सगळं सांगितलं. रत्नाने उभ्याउभ्याच नोंद वाचली, शेवटच्या ओळीवर थोडी रेंगाळली.

“हा तू नाहीस,” ती म्हणाली.

“नागपूरचा मी. इंजिनिअर मी.”

“नागपूरची काय, इंजिनिअर काय, मीपण आहे. एकाच वर्गात होतो आपण. तू निवडणुकीला उभा राहिलास का?”

“वेड लागलंय का? आपण इथे पाहुणे. पाहुण्याने गप्प बसावं.”

“मग झालं तर.”

“झालं काय? तो अधिकारी विचारेल ना!”

“तुझ्या नावाने मी मेल टाकते त्यांना. तू पाणी पी आधी.”

तो ग्लासभर पाणी प्यायला. स्वच्छ होतं. दोन-तीन वर्षांपूर्वी ह्याच नळाला चहासारखं पाणी यायचं. तेव्हा रत्ना म्हणाली होती, कॉलनीच्या कमिटीसाठी उभी राहू का? तो पोट धरून हसला होता. “आधी आपल्या किचनचा नळ बघ,” म्हणाला होता. पुढे पाणी आपोआप सुधारलं. अमेरिकेत गोष्टी आपोआप सुधारतात, असं त्याचं मत होतं.

बुधवारी दुपारी वेबसाइटचं उत्तर आलं. ‘ती नोंद तुमची नव्हती. नाव लिहिण्यात आमची चूक झाली. संबंधित कार्यालयाकडून खात्री करून नोंद दुरुस्त केली आहे. क्षमस्व.’ गुरुनाथने त्या मेलच्या तीन प्रती छापल्या. एक फाईलमध्ये, एक गाडीत, एक शर्टाच्या खिशात.

गुरुवारी अधिकाऱ्याने विचारलं, “नागरिक असल्याचं कधी कोणाला सांगितलंत?”

“नाही.”

“कधी मतदान केलंत?”

“नाही.”

अधिकाऱ्याने एवढ्यावरच पान उलटलं. खिशातला कागद काढायची वेळच आली नाही. वीस मिनिटांनी त्याने हात पुढे केला आणि अभिनंदन केलं.

परतीच्या वाटेवर गुरुनाथने हायवे सोडून इंडियन स्टोअरला गाडी वळवली आणि आंबा बर्फीचे दोन बॉक्स घेतले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याला सणकून भूक लागली होती.

“सुटलो बाई,” घरात शिरताच तो खुर्चीत कोसळला. “आपल्या घरात कोणी ह्या राजकारणाच्या भानगडीत नाही, तेच बरं.”

“घे, बर्फी घे,” रत्ना म्हणाली. आसावरी पुन्हा उशी शोधायला लागली.

बर्फी चघळत त्याने लॅपटॉप उघडला. आता भीती नव्हती, नुसती उत्सुकता होती. आपली झोप उडवणारा हा महाभाग होता तरी कोण? पान उघडलं. नाव दुरुस्त झालं होतं आणि शेजारी हसरा फोटोही आला होता.

‘धारप, रत्ना गुरुनाथ. पाणी मंडळाच्या अध्यक्ष. बैठक: दर महिन्याचा दुसरा मंगळवार, संध्याकाळी सहा.’