नावांचा क्रम

पालिकेच्या मतदानाच्या सकाळी गावचा पुढारी आणि उमेदवार असलेल्या बेकचा माणूस तौफीक विदादच्या हातात दोन छापील मतयाद्या ठेवून गेला. एक तिची, एक शेजारच्या नजलाची. "काकू, मत म्हणून पेटीत हीच यादी टाकायची. संगणकाने प्रत्येक घराच्या यादीत नावांचा क्रम वेगळा लावलाय. मोजताना याद्या मोठ्याने वाचतात. बेकचं नाव कुणी खोडलं, तर घर तिथल्या तिथे कळेल. तुमच्या पोराची, नदीमची पालिकेतली नोकरी टिकवायचीय ना?"

विदादने स्वतःची यादी नजलाची म्हणून तिला नेऊन दिली. दर ईदला बेकच्या दारी खजूर भरलेल्या मामूल बिस्किटांचं ताट पोचवणारी ती बया, ती कसलं खोडतेय! मग नजलाच्या यादीवरचं बेकचं नाव विदादने फराटा मारून खोडलं आणि ती यादी पेटीत टाकली.

संध्याकाळी शाळेच्या खिडक्यांशी गाव जमलं. आत याद्यांचं वाचन चाललं होतं.

टॅब्लेटवरून मान वर करत तौफीक ओरडला, "बेकला खोडलंय! नजलाच्या घराने!"

विदाद गालातल्या गालात हसली.

नजला जागची हलली नाही. "हो, खोडला. उघड सांगते. काय उखडायचं ते उखडा."

विदादचं हसू थिजलं. तिच्या घराच्या क्रमाची, तिने नजलाला दिलेली यादी अजून वाचली जायची होती.