कोरड्यावरची खोली

दिवसभर कयाकच्या, त्या चिंचोळ्या होडीच्या, पोटात डोकं खुपसून कंबरेचे पार बारा वाजले होते. मासे दाखवणाऱ्या यंत्राचा सेन्सर आतून तळाला चिकटवायचा म्हणजे नुसती कटकट. सिलिकॉनमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला की यंत्र आंधळं, नाहीतर भलतेच आकडे दाखवणार. परत परत खरवडून काढला, तेव्हा कुठं नीट बसला.

कयाक मेव्हण्याची. बायकोचा हा एकुलता एक भाऊ. पोहता येत नाही, पण तळ्यात जायची हौस दांडगी. "त्याला काही झालं तर घरी येऊ नका," असं तिनं सकाळीच बजावलेलं.

संध्याकाळी मेव्हणा आला तो थेट कयाकमध्येच जाऊन बसला. कयाक होती वर्कशॉपच्या फरशीवर, दोन जुन्या टायरांवर. मी बॅटरी जोडली. कोरड्यावर यंत्रानं पाण्याची खोली दाखवायला नको, पडदा कोराच राहायला हवा.

आकडा आला. चाळीस फूट.

"दाजी, फरशीखाली विहीर खणलीय काय?" तो खिदळला.

"गप रे. बुडबुडा राहिला असेल." पुन्हा खरवडायच्या विचारानंच माझ्या अंगातलं त्राण गेलं.

तेवढ्यात पडद्यावर पार तळाशी एक ठिपका उमटला आणि सावकाश वर यायला लागला. तीस फूट. वीस.

"उतर," मी म्हटलं. "आधी उतर तू."

त्यानं हसत हसत एक पाय बाहेर टाकला. त्याची चप्पल फरशीला लागलेली मला स्वच्छ दिसत होती. पण त्याचं हसू गेलं, आणि त्यानं दोन्ही हातांनी कयाकची कड धरली.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "पाय टेकत नाहीये."