बिनआवाजाचं स्प्रॉकेट

"मोटारसायकलचं मागचं चेन स्प्रॉकेट असं बसवा, की माझ्या पश्चातही टिकलं पाहिजे," म्हातारे काका म्हणाले. झिजून करवत झालेले दाते पाहून मेकॅनिक चक्रावला. दोन वर्षांपूर्वी त्यानेच घातलेल्या पुढच्या टायरवरची रबराची लव अजून गेली नव्हती, पुढच्या चाकावर चालणारं किलोमीटरचं मीटरही जिथल्या तिथे.

"काका, गाडी चालवता तरी कुठे?"

"घरीच," म्हणून काकांनी विषय तोडला.

मेकॅनिकने हलकं ॲल्युमिनियमचं बाजूला सारून जाड पोलादी स्प्रॉकेट निवडलं, वर नवी चेन घातली. जुना खडखडाट पार पळाला. स्वारी स्वतःवरच खूश!

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत काका दारात हजर. "जुनंच बसवून द्या."

"अहो, बिघडलं काय?"

"पोरगा वारल्यापासून रोज संध्याकाळी मी त्याची गाडी अंगणात स्टँडवर लावून, चालू करून मागचं चाक फिरवतो. त्याची आई अंथरुणाला खिळलीय, तो गेल्याचं विसरते. खडखडाट ऐकला की 'आला' म्हणते, मगच जेवते."

काकांनी गाडी मेकॅनिकच्या पुढ्यात आणून उभी केली.


"काल म्हणाली, 'ही दुसऱ्याच कुणाची गाडी. आपला अजून यायचाय.' तेव्हापासून दाराकडे कान लावून आहे."