पाच मिनिटांचा ऊस

"पाच मिनिटं म्हंजी केवढी गं?" गोजरबाईनं लेकीला विचारलं.

वृषाली ओट्यावर बसून बुटाची नाडी सोडत होती. सकाळीच शाळेत तिचा सत्कार झाला होता. हवाई दलात वैमानिक असलेल्या या पोरीचं नाव अंतराळवीरांच्या निवडीसाठी गेलं होतं. अजून नुसत्या तपासण्या चालल्या होत्या, पण डिंगोरे गावानं फ्लेक्सवर तिला केव्हाच चंद्रावर नेऊन बसवलं होतं. शाळेतल्या पोरांनी तर प्रश्न विचारून भंडावून सोडलं. गरगर फिरवतात तेव्हा उलटी होते का, आंघोळ कशी करायची, महिनाभर खोलीत कोंडतात ते खरं का. वृषालीनं सगळं हसत सांगितलं. गोजरबाईच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट रुतून बसली होती. परत येताना यानाभोवती आगीचा लोळ उठतो आणि चार-पाच मिनिटं वरचा आवाज खाली येत नाही, खालचा वर जात नाही.

"केवढी म्हंजे? सडकेवरनं आपल्या दारात यायला लागत्यात तेवढी," वृषाली म्हणाली.

हे तिनं बोलायला नको होतं. सडक ते दार सगळा ऊस होता, आणि बिबट्याच्या या मुलखात उसातून मुकाट्यानं कुणी चालत नाही. वृषाली शाळेत जायला लागल्यापासून रोज गोजरबाई दारातून हाक मारायची आणि पोरगी उसातून ओ द्यायची. ओ यायला जरा उशीर झाला की आई पुन्हा हाक मारत उसाकडे निघायची.

"मंग आत्ता करून दाव," गोजरबाई म्हणाली. "तू सडकेवरनं ये. मी हाक मारायची न्हाई, तू बी आवाज करायचा न्हाई. बघू दे माझ्यानं निभतंय का."

"आई, कायतरीच काय तुझं!"

"तुझ्या तपासण्या व्हत्यात. माझी कोण घेणार?"

ऊन अजून चांगलं होतं. वृषाली हसत सडकेकडे गेली आणि तिथून निघताना तिनं ठरल्याप्रमाणे मिस्ड कॉल दिला. गोजरबाईनं पदराचा बोळा करून तोंडात धरला.

एक मिनिट गेलं. उसाचं वाळलेलं पाचट कुठंतरी करकरलं. वारा पडलेला होता, मग पाचट कशानं हललं? आपण हे काय करून बसलो, असं गोजरबाईला झालं. दावणीची गाय वैरण सोडून उसाकडे बघत उभी राहिली. दोन मिनिटं झाली. हाक पार घशापर्यंत आली होती. तिनं बोळा आणखी आत कोंबला.

तेवढ्यात उसातून किंकाळी आली.

"आई! आई गं!"

गोजरबाईनं कुडाला टेकवलेली काठी उचलली आणि धावत सुटली. पाती तोंडावर सपासप लागत होती. ती मोठमोठ्यानं ओरडत होती, काय ओरडतेय ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

वृषाली पाटाच्या कडेला उभी होती. धडधाकट होती. आजूबाजूला काहीच नव्हतं. तोंड मात्र पांढरंफटक पडलेलं.

"काय दिसलं? कुठं हाय?"

"काय न्हाई दिसलं." वृषालीला धाप लागली होती. "तुझी हाकच येईना, आई. मला वाटलं, तुलाच काय झालं."

गोजरबाईच्या हातातून काठी गळाली. तिनं लेकीचं मनगट दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"हितनं हाक मारलीस, मी पळत आले," ती म्हणाली. "वरनं मारशील तवा कुठनं यायचं गं मी?"