आंबा की फणस

आंबा की फणस, यावर देवळापुढची बैठक अडली होती.

मुरबाडच्या कडेला टेकडीवर निसर्ग उद्यान व्हायचं होतं. आराखडा कुणालीचा, पण टेकडीखालच्या वाडीने तो देवळाच्या अंगणात खडूने काढायला लावला आणि आपल्या मनासारखा फिरवला. फाटक हललं, गुरांची पाण्याची वाट मोकळी राहिली, घरट्यांच्या दिवसांत वरचा माथा बंद ठेवायचं ठरलं. एवढं मन लावून काम करणारी माणसं कुणालीने पाहिली नव्हती. तिला त्यांचं फार कौतुक वाटायचं.

वाडीची अट एकच होती. तिथे नवी सून माहेरहून रोप आणून टेकडीवर लावते. जिचं झाड, तिच्या शब्दाशिवाय त्याला कुऱ्हाड लागत नाही. कुणालीने ही अट आनंदाने मान्य केली.

आता म्हाताऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीला झेपेल अशी वाट एकाच ठिकाणाहून निघत होती, आणि नेमके तिथेच आंबा आणि फणस शेजारी शेजारी उभे होते. एक जाणारच होतं. दोन्ही सकुबाईच्या घरची झाडं. एक तिचं, एक तिच्या सवतीचं. सावळी नावाची ती सवत वारून बरीच वर्षं झाली होती. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, असं शेजारची बायजा सांगायची. सावळीची चूल वेगळी, पाण्याचा हंडाही वेगळा.

सकुबाई येता-जाता फणसाखालचा पाला झाडायची, बुंध्याला मातीची भर घालायची. आंब्याकडे फिरकायची नाही. कुणालीला काय ते कळलं.

बैठकीने निर्णय सकुबाईवर सोडला.

"आंबा तोडा," ती म्हणाली.

तिचा मुलगा साईनाथ खाली मान घालून बसला. बैठक पुढच्या कामाला लागली. कुणालीला मात्र वाईट वाटलं. सगळी वाडी एवढ्या मोठ्या मनाची, आणि या बाईला मेलेल्या माणसाचंही वैर सुटत नाही!

तोडायच्या दिवशी सकुबाई आली. आंब्याला हळदकुंकू वाहिलं, खोडावरून हात फिरवला आणि बाजूला झाली. कुणालीला ते ढोंग वाटलं. आंबा आडवा झाल्यावर तिला राहवलं नाही.

"मावशी, आज सावळीबाई असत्या तर त्यांना काय वाटलं असतं?"

सकुबाईने पदराने डोळे पुसले.

"ती असती तर सोपं व्हतं गो. भांडून तिचा फणस मागितला असता. आता हो-नाय म्हनायला ती कुठं हाये? म्हनून माझा आंबा दिला."