माफीची तालीम

"थांब, थांब. माफी अशी मागतात?" वडील खुर्ची सरकवून उठले. "तू तर वाणसामानाची यादी वाचतेयस."

मुलगी थांबली. शाळेत नाट्यविषयाची परीक्षा होती. आपल्याला बायकोची माफी मागणाऱ्या नवऱ्याचं स्वगत करायचंय, असं तिने जेवताना सांगितलं होतं.

वडील बसस्थानकावर गाड्यांच्या सूचना द्यायचे. आवाज भारदस्त. तरुणपणी नाटकांत कामं केलेली, आणि ते कुणी विसरू नये याची ते पुरेपूर काळजी घ्यायचे.

"मला नाही जमत, बाबा. तुम्ही एकदा करून दाखवा ना."

त्यांना तेवढंच हवं होतं. "समोर कुणीतरी बसायला हवं. भिंतीकडे बघून भाव येत नाहीत. अगं ए, इकडे ये जरा!"

आई ओले हात पुसत आली आणि खुर्चीवर बसली. डावं मनगट तिला नीट वळवता येत नसे. तो हात मांडीवर ठेवून तिने तो उजव्याने झाकला.

मुलगी एकेक वाक्य सांगत गेली, वडील म्हणत गेले.

"लोकांना तू सांगितलंस, पाय घसरला. मीही तेच सांगितलं." इथे ते अडखळले. खाकरले. "कुणी लिहिलंय हे?"

"शाळेतून दिलंय."

"हं. लिहिणारा बरा आहे." त्यांनी पुढचं वाक्य घेतलं. "तू घसरली नव्हतीस. चूक माझी होती. मला माफ कर."

आईने मान खाली घातली.

"मान वर! मी कुणाशी बोलतोय?"

मग रोज संध्याकाळी तालीम होऊ लागली. मुलगी रोज तिथेच चुकायची आणि वडील रोज करून दाखवायचे. एकदा तर त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. ते पुसत त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"छान," मुलगी म्हणाली. आई उठून स्वयंपाकघरात गेली.

"हिला काय कळतंय नाटकातलं," वडील हसले.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि कुणाला न सांगता शाळा गाठली. पालकांना आत सोडत नव्हते. ते बंद दाराबाहेर बाकावर बसले आणि तीच वाक्यं ओठांतल्या ओठांत घोळवत राहिले. मुलीचा नंबर पुकारला गेला.

थोड्याच वेळात आतून हशा आला. मग आणखी मोठा. मग टाळ्या.

वडिलांची कानशिलं तापली. एवढा जीव ओतून शिकवलेली माफी, आणि लोक दात काढतायत?

दार उघडलं. मुलगी हसतच बाहेर आली आणि त्यांना बघून जागच्या जागी थिजली. "बाबा, तुम्ही इथे? चला ना, घरी जाऊ."

तिला बाजूला सारून ते थेट आत, बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, हसण्यासारखं काय होतं त्यात?"

"अहो, काय नव्हतं! स्वतःचाच दात काढून घ्यायला घाबरणारा दंतवैद्य! परीक्षकसुद्धा पोट धरून हसले. किती दिवस घोटत होती ती इथे."

"दंतवैद्य? आणि तो नवरा? बायकोची माफी मागणारा?"

बाईंनी गोंधळून दारात उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"असं स्वगत आम्ही कुणालाच दिलेलं नाही."