मागच्या खोलीची फाइल

ऑफिसातल्या प्रत्येक खोलीत कॅमेरा होता. रोज त्यांच्या डिस्क लावायच्या, प्रत्येकीची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढायची आणि ती फाइल झिप करून, म्हणजे दाबून लहान करून, ठेवायची, यातच रेकॉर्डवाल्या ताईंचा जीव मेटाकुटीला आला होता. गणित सोपं होतं: खोलीत काही हललं नाही, तर फाइल दाबून चिमूटभर होते, कुणी वावरलं, की फुगते.

फक्त कुलूपबंद मागच्या खोलीची फाइल कधीच दबत नसे. चित्रात तर एक कपाट आणि एक खुर्ची, बस्स.

"ताई, तो कॅमेराच म्हातारा झालाय," साहेब जांभई देत म्हणाले. "किती डोकेफोड कराल? घरी जा आता."

"एवढं कालचं उरकते आणि निघते."

साहेब दार लोटून गेले.

ताईंनी कालची डिस्क लावली. मागच्या खोलीची फाइल आज पहिल्यांदाच चिमूटभर झाली.

"सुटले बाई एकदाची!" म्हणत त्यांनी पुढची डिस्क घेतली. ती त्यांच्याच खोलीची होती. अंग मोडून आलं म्हणून काल त्या रजेवर होत्या. खोलीला दिवसभर कुलूप होतं. चित्रात त्यांचं टेबल आणि रिकामी खुर्ची, बस्स.

ती फाइल काही केल्या दबेना.